गव्हाणीतले निदान

पहाटे पावणेसहा

कार्तिकात या वेळी फोन वाजला की तो बहुधा नुकत्याच व्यायलेल्या जनावराचा असतो. म्हशी पावसाळा सरता सरता व्यायला लागतात, संकरित गाईंना काळवेळ नाही. पण भाताच्या कापणी-झोडणीत घरची सगळी माणसे शेतावर असतात, गोठ्याकडे लक्ष कमी पडते, आणि तक्रारी याच दिवसांत गोळा होतात. आजचा फोन खांडसच्या रस्त्यावरच्या गावातून.

"डॉक्टरबाई, गाय पेंडीला तोंड लावत नाय. पेंढा खाते थोडा थोडा."

"व्यायली कधी?"

"नऊ दिस झाले."

"वार?"

"पडली त्याच रातीला. ताप पण नाय वाटत."

ताप असलेली गाय बहुतेक सगळेच टाकते. आधी पेंड टाकायची, मग हिरवे, आणि सुका पेंढा मात्र चघळत राहायचे, हा क्रम वेगळ्या दुखण्याचा. मी पिशवीत डेक्स्ट्रोजच्या बाटल्या जास्तीच्या टाकल्या.

साडेसहा

काळी-पांढरी संकरित होल्स्टीन, तिसरे वेत. गाईचे मालक मामा विळा घेऊन निघायच्या बेतात होते, ते थांबले. मावशींनी रात्रीचे आंबोण गव्हाणीत तसेच ठेवले होते, मला दाखवायला म्हणून. शहाण्या बाईचे काम. बरेच लोक डॉक्टर येणार म्हणून गव्हाण धुऊन काढतात आणि अर्धा पुरावा मोरीत जातो. सरकी पेंड, चुणी, तांदळाचा कोंडा, सगळे भिजून फुगलेले, वर माश्या.

मी गाईच्या मागे उभी राहिले. शेपटीच्या मुळाशी दोन्ही अंगांना खळगा असायला हवा. तिथे बोट दाबले तर मऊ गादी लागली. बरगड्या हाताला लागत नाहीत. आम्ही शरीराला एक ते पाच गुण देतो. विताना सव्वातीन-साडेतीन असले की बरे. ही नऊ दिवस अंग झडूनही चारच्या वर होती.

बाकीचे मावशींनीच सांगितले. मागच्या वेतानंतर गाय वेळेवर ठरली नाही, पुन्हा पुन्हा भरवावी लागली. दूध आटले, भाकड काळ लांबला. "गाभण हाय, खाऊ दे म्हटलं." महिनोन्‌महिने चार किलो गोळी पेंड, वर घरचा उरलेला भात. दूध द्यायचे नसलेल्या गाईने त्याचे काय करावे? अंगावर घेतले.

आता व्यायल्यावर दूध एकदम सुटते आणि भूक मात्र मागे राहते. लठ्ठ गाईची तर आणखीच मागे. दुधातली साखर बनवायला ग्लुकोज लागते, खाण्यातून ते पुरत नाही, म्हणून शरीर साठवलेली चरबी सोडते. ती रक्तातून यकृताकडे जाते. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या यकृताची खोड अशी की चरबी आत घेते भराभर, बाहेर पाठवते अगदी संथ. राहिलेली आतच साचते. काही अर्धवट जळते आणि तिचे कीटोन होतात, त्यांनी भूक आणखी मरते. म्हणजे यकृतात चरबी भरली ती गाय खात होती तेव्हा नव्हे, खायची थांबली तेव्हा. हे लोकांना पटवून देणे माझ्या कामातले सगळ्यात अवघड काम आहे.

लघवी धरण्यासाठी योनीखालची कातडी हलक्या हाताने चोळावी लागते. मिनिटभरात धार आली. काचपट्टीवर रोथेराची चिमूटभर पांढरी पूड, तिच्यावर दोन थेंब. पूड लगेच जांभळी झाली, अगदी पिकल्या जांभळाच्या रंगाची. मामा वाकून बघत होते. "म्हंजे?" म्हंजे कीटोन भरपूर आहेत.

मानेच्या शिरेतून साध्या नळीत रक्त घेतले. सुई एका झटक्यात जायला हवी. ओढाताण केली की तांबड्या पेशी फुटतात, आणि जे एन्झाइम मला मोजायचे ते तांबड्या पेशींतही असते. मग आकडा फुगतो आणि यकृत फुकट बदनाम होते. नळी हलवायची नाही, उभी ठेवायची, रक्त गोठले की थर्माकोलच्या डब्यात बर्फाशेजारी.

शिरेतून डेक्स्ट्रोज सावकाश दिले, ब-जीवनसत्त्वाचे इंजेक्शन दिले, आणि तोंडाने पाजायला प्रोपिलीन ग्लायकॉलची बाटली ठेवली. मावशींनी विचारले, गूळ देऊ का? बाळंतिणीला देतात तसा. थोडा दिलात तर बिघडत नाही, पण गाईच्या कोठ्यातले जंतू ती साखर आधी खातात, गाईच्या रक्तात ती साखर म्हणून पोचत नाही. मामांना "लिव्हर टॉनिक" हवे होते, गोठ्याच्या फळीवर मागच्या वर्षीची अर्धी बाटली होतीच. अशा बाटल्यांत बहुधा कोलीन असते, आणि उघडे कोलीन कोठ्यात बहुतेक सगळे मोडून जाते. कोठा ओलांडून पुढे जाईल असे आवरण दिलेले कोलीन मिळते, पण ते विण्याआधी सुरू करायचे. बाटली फेकू नका म्हटले, कोंबड्यांना चालेल.

साडेआठ

कशेळ्याचा दवाखाना उघडला तेव्हा पायरीवर दोन शेळ्या, एक कुत्रा, आणि वाडीवरची एक ठाकर बाई तिच्या गाईसह. गाय चालत आणली होती. ही दुसऱ्या टोकाची: बरगड्या मोजून घ्याव्यात, जबड्याखाली पाणी उतरलेले, डोळ्याची आतली कातडी पांढरीफटक. शेण सूक्ष्मदर्शकाखाली घातले तर पर्णकृमीची अंडी दिसली, मोठी, सोनेरी, एका टोकाला झाकण असलेली.

पेज नदीला टाटांच्या भिवपुरी वीजघरातून सुटलेले पाणी येते, म्हणून ती उन्हाळ्यातही वाहते. ओल टिकते तिथे गोगलगायी टिकतात आणि त्यांच्यामार्फत यकृतातला हा किडा. पावसाळ्यातल्या भातखाचरांच्या कडेने चरणाऱ्या जनावरांना तो होतोच. या गाईचे रक्त तपासले असते तर यकृताची एन्झाइमे चढलेलीच निघाली असती, कदाचित सकाळच्या लठ्ठ गाईपेक्षाही. जंताचे औषध वजनाप्रमाणे दिले. रक्त घेतले नाही, कारण तपासणीचे पैसे त्या बाईच्या खुराकाला जास्त उपयोगी पडतील.

अकरा

नदीकडेच्या एका फार्महाऊसवर कोंबड्या मरत होत्या. मालक मुंबईला, राखणदार इथे. जाळीच्या सावलीत देखण्या तपकिरी कोंबड्या, अंडी देणाऱ्या जातीच्या. "काल संध्याकाळी चांगली होती, सकाळी बघतो तर मेलेली. हीच तर सगळ्यात जाड." तुरा फिका पडलेला. राणीखेत असती तर एव्हाना निम्मा खुराडा मोकळा झाला असता.

तिथेच पाट्यावर पोट फाडले. कातडी सोडवताच पिवळी चरबी वर आली, गिझार्डभोवती तर बोटभर जाड थर. यकृत फिकट पिवळे, सुजलेले, उचलायला गेले तर बोटातच फुटले. आणि त्याच्यावर काळसर रक्ताची गुठळी, सगळ्या पोकळीत पसरलेली. अंडे घालताना जोर केला, यकृताचे वेष्टण फाटले, आत रक्तस्राव होऊन कोंबडी गेली. तुकडा कापून बादलीतल्या पाण्यात टाकला, तो तरंगला. निरोगी यकृत बुडते.

पिंजऱ्यातल्या अंड्यांच्या कोंबड्यांचा हा जुना रोग. अमेरिकेत टेक्सासमध्ये 1956 च्या सुमारास त्याची पहिली नोंद झाली, आणि 1972 मध्ये फॅटी लिव्हर या त्याच्या नावात रक्तस्राव हा शब्द आला. कोंबडीची चरबी मुख्यतः यकृतातच तयार होते, कारण अंड्याचा बलक तिथूनच जायचा असतो. त्यात मका भरपूर, हालचाल नाही, वर ऑक्टोबरचे ऊन. राखणदार दिवसातून तीनदा मक्याचा भरडा टाकत होता, शिवाय शनिवार-रविवारच्या पाहुण्यांचा उरलेला पुलाव. मालकाने सांगितलेले, "त्यांना काही कमी पडू देऊ नकोस." त्याने पडू दिले नव्हते.

जिवंत कोंबड्यांपैकी दोघींच्या पंखाखालच्या शिरेतून रक्त घेतले. अंड्यावर असलेल्या कोंबडीचा सीरम दुधासारखा पांढुरका असतो, कारण बलकाची चरबी रक्तातूनच अंडाशयाकडे चाललेली असते. मशीन असल्या गढूळ नमुन्यावर अडखळते. खरे तर इथे मला रक्ताची गरज फारशी नव्हती, पाट्यावर उत्तर होतेच. पण मालकाला कागद हवा होता.

मका कमी, अंड्याच्या कोंबड्यांचे तयार खाद्य मोजून, शिंपले वेगळ्या भांड्यात, संध्याकाळी कोंबड्या मोकळ्या सोडायच्या. आणि कोलीन, जीवनसत्त्व ई पाण्यातून; कोंबडीला कोठा नाही, त्यामुळे इथे ते लागू पडते. राखणदार म्हणाला, दोन दिवस उपाशीच ठेवू का सगळ्यांना? नाही. उपास अजिबात नाही.

जाता जाता सांगते: असेच यकृत मुद्दाम बनवून श्रीमंती पदार्थ म्हणून खाणारे लोक जगात आहेत. बदकांच्या, हंसांच्या घशात नळी घालून मका भरतात. यकृत कितीतरी पट मोठे होते आणि त्याला फ्वा ग्रा म्हणतात. भारताने त्याची आयात 2014 मध्ये बंद केली. पाट्यावरचे ते पिवळे यकृत पाहिल्यावर मला त्या बंदीचे कौतुक वाटते.

दीड

नमुने सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून, सीरम वेगळा करून कर्जतला निघालेल्या ओळखीच्या रिक्षावाल्याकडे दिले. जातील माणसांच्या लॅबमध्ये. तालुक्यातले बहुतेक पशुवैद्य हेच करतात. यंत्राला गाईचे रक्त आणि माणसाचे रक्त यांत फरक कळत नाही, तो आम्ही करायचा. अहवालावर शेजारी छापलेले आकडे माणसांचे असतात. एएसटी, म्हणजे लोकांच्या तोंडचे एसजीओटी, माणसात चाळीसच्या आत हवे. निरोगी गाईत ते शंभराच्या आसपास असू शकते. त्यामुळे ठणठणीत गाईचा अहवालही ठळक अक्षरांत, बाणासकट येतो, आणि तो व्हॉट्सॲपवर आधी मालकाला दिसतो.

एएलटी, म्हणजे एसजीपीटी, हे माणसाच्या, कुत्र्याच्या, मांजराच्या यकृताचे चांगले चिन्ह. गाय, म्हैस, शेळी, घोडा यांच्या यकृतात ते इतके थोडे असते की निदानाला उपयोग नाही. मी ते मागवतच नाही, तरी पॅकेजमध्ये येते. गाईला खरे तर जीएलडीएच हवे, ते यकृताचे खास. कर्जतला ते होत नाही. म्हणून एएसटी, जीजीटी, आणि जोडीला सीके. सीके स्नायूचे. गाय बसून राहिली, तिचे मांसल फरे दबले, तर एएसटी स्नायूतूनही सांडते. सीके सोबत नसेल तर एएसटीवर मी विश्वास ठेवत नाही. वासरांची गंमत वेगळी: चीक प्यालेल्या वासराचे जीजीटी भलतेच चढलेले असते, कारण ते चिकातून आलेले. एकदा एका तरुण सहकाऱ्याने त्यावर वासराला कावीळ ठरवली होती.

अडीच

जेवण झाले की अर्धा तास वाचायला मिळतो. गेला महिनाभर मी प्रयोगशाळेतल्या उंदरांविषयी वाचते आहे. फॅटी लिव्हर हे आता गोठ्यापेक्षा माणसांचे दुखणे जास्त झाले आहे, आणि त्याची औषधे आधी उंदरांवरच तपासली जातात. आपल्याकडे त्यासाठी 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली नेमलेली समिती आहे, तिच्या नियमांप्रमाणे उंदराच्या खाण्यात बदल करणे हाही परवानगी लागणारा प्रयोगच ठरतो.

कोलीनची गोष्ट मुळात कुत्र्यांपासून सुरू झाली. टोरांटोत इन्सुलिनचा शोध लागल्यावर स्वादुपिंड काढलेले कुत्रे इन्सुलिनवर महिनोन्‌महिने जगू लागले, आणि मग त्यांचे यकृत चरबीने भरून ते मरू लागले. खाण्यात कच्चे स्वादुपिंड दिले की ते वाचत. त्यातले लेसिथिन, आणि लेसिथिनमधले कोलीन हे त्यामागचे कारण, हे इन्सुलिन शोधणाऱ्यांपैकीच बेस्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1932 मध्ये दाखवले. यकृताला चरबी बाहेर पाठवण्यासाठी ते लागते. पुढे उलटा प्रयोग सुरू झाला: कोलीन आणि मिथिओनीन काढून टाकलेले खाद्य उंदरांना द्यायचे, आणि आठवड्यांत यकृत चरबीने भरते.

मला यात अडकवून ठेवले ते वेगळ्याच गोष्टीने. हे कोलीनविना खाद्य खाणारे उंदीर वाळतात, आणि त्यांचे एएलटी प्रचंड चढते. दुसरीकडे लोणी-चरबी खाऊन फुगलेल्या उंदरांचे यकृतही चरबीने भरलेले असते, पण एन्झाइमे कधी माफक चढतात, कधी जेमतेम. चरबी दोघांकडे, आकडा एकाचाच मोठा. कारण एन्झाइम चरबी मोजतच नाही. पेशीचे आवरण फाटले की आतले बाहेर येते, एवढेच त्याला ठाऊक. पोत्यातून दाणे सांडलेले दिसले तर पोते फाटले हे कळते, पोत्यात काय आणि किती भरले होते हे नाही. आणि पोते रिकामे झाले की सांडणेही थांबते: ज्या यकृताच्या बहुतेक पेशी संपल्या, त्याचा अहवाल कधीकधी अगदी शांत येतो. हे मी परळच्या कॉलेजात शिकले तेव्हा परीक्षेपुरते पाठ केले होते. गोठ्यात आल्यावर त्याचा अर्थ कळला.

मुंबईतल्या संशोधकांनी 2010 मध्ये लोणी खाऊ घातलेल्या उंदरांवर कुटकीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात यकृतातली चरबी कमी झालेली दिसली. कुटकी हिमालयातली. आपल्याकडे पावसाळ्यात बांधावर भुईआवळी उगवते, वाडीवरचे वैदू कावीळ झालेल्या माणसाला आणि गुराला दोघांनाही ती देतात. कशेळ्यात औषधी वनस्पती आणि जुन्या भातांच्या जाती जपणारी अकादमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स आहे, तेव्हा या गोष्टी इथे नवलाच्या नाहीत. मी वैदूला हसत नाही. माझी अडचण एवढीच की उंदरांत एक गट तेच खाणारा पण औषध न घेणारा असतो. गोठ्यात तसा गट नसतो. गाय खायला लागली की एन्झाइमे आपोआप उतरतात. त्या आठवड्यात ज्याने जे पाजले असेल, श्रेय त्याला. माझ्या डेक्स्ट्रोजलाही तेच लागू आहे, हे मान्य करते.

पावणेपाच

अहवाल आला. गाईचे एएसटी 214, जीजीटी थोडे वर, सीके ठीक, बिलीरुबिन किंचित जास्त. बाणच बाण. मामांचा फोन माझ्या आधी: "एसजीपीटी तर नॉर्मल हाय ना? मग काय टेन्शन नाय." कर्जतच्या कुणी नातेवाइकाने वाचून सांगितले होते. बरोबर वाचले होते, फक्त गाईचे नव्हते.

एएसटी दुप्पट, सीके ठीक, म्हणजे सांडणे यकृतातूनच आहे. जीजीटी फार नाही, म्हणजे पित्ताच्या वाटा तुंबलेल्या नाहीत, पर्णकृमीचा संशय मागे पडतो. बिलीरुबिन जास्त आहे, पण उपाशी गाईचे ते तसेही थोडे चढते. यकृतात चरबी नेमकी किती हे सांगायचे तर सुईने तुकडा काढावा लागेल, आणि आज तिच्यावर आणखी सुया नकोत. रोथेराचा जांभळा रंग, शेपटीकडची गादी आणि गव्हाणीतले आंबोण हे सकाळीच बोलले होते. अहवालाने इतकेच सांगितले की अजून वेळ गेलेली नाही.

कोंबड्यांचे नमुने यंत्राने नाकारले. सीरम गढूळ.

सहा

कशेळ्याला हल्ली बंगल्यांमुळे मांजरेही येतात. आजचे परशियन, गोंडस, कानांच्या आत हळदीसारखा पिवळा रंग. घर रंगवायला काढले, मांजर खोलीत कोंडले, त्याने पाच दिवस खाणे सोडले. "वजन जास्तच होतं, म्हणून आम्हाला वाटलं बरंच आहे." जाड मांजराला याहून धोक्याचे काही नाही. उपासाने दोन-चार दिवसांत यकृत चरबीने भरते. मांजरात मी एएलपी हे एन्झाइम बघते: ते चढलेले आणि जीजीटी त्या मानाने शांत असले की हेच. नाकातून नळी घालून अन्न द्यावे लागते, कधी आठवडेच्या आठवडे. ते माझ्याकडे होणार नाही. परळच्या पेटिट रुग्णालयाचा पत्ता दिला आणि आजच रात्री निघा म्हटले.

साडेसात

पुन्हा खांडसच्या रस्त्याला. झोडणी आटोपून मामा परतले होते, अंगावर भाताचा भुसा. गाईने हिरवे थोडे खाल्ले होते, पेंडीचे दोन घास. श्वासाला अजून कीटोनची गोडसर झाक होती. दुसरे डेक्स्ट्रोज चढवले. बरे व्हायला आठवडा लागेल, दूध या वेताला कमीच राहील, आणि पुढची भरवणी लांबेल, हे आजच सांगून टाकले. पेंड मुठीने वाढवायची, ताजी, भिजवून ठेवलेली नाही.

शेजारचा तरुण चुलत भाऊ दारात उभा होता. त्याची गाय पुढच्या महिन्यात व्यायची. "आमची पण अशीच जाड हाय, डॉक्टरबाई. उद्यापासून पेंड बंद करतो."

त्याच्या गोठ्यात जाऊन टॉर्चच्या उजेडात शेपटीच्या मुळाशी हात लावला. जाडच होती.

"बंद नको करूस. बारीक करायची ती दूध चालू असताना, आता नाही. आता उपाशी ठेवलीस तर हिचं विण्याआधीच व्हायचं. पेंड किती देतोस?"

"पाच किलो."

"दोनवर आण, पण चार दिवसांत, एकदम नाही. पेंढा आणि हिरवं पोटभर. भात-बीत काही नाही. शेवटचे पंधरा दिवस पुन्हा रोज पावशेर वाढवायची. आणि व्यायली की तिसऱ्या दिवशी लघवी घेऊन ये, बाटली धुतलेली असू दे."